उजेडपाखातला बांबू

डिसेंबर लागला की ठेकेदाराचा फोन येतो,
"ये बावा, अधिवेशन आलं."
मग मी आणि माझा साळा धनपाल
टेकडी रोडला खड्डे पाडतो, सव्वा-सव्वा फुटाचे,
गेल्या सालच्याच जागी. डांबराला ओळख राहते.

विधानभवन इथून दिसत नाही.
बाप बांधायचा तेव्हा निदान झेंडा दिसायचा.
मधे झाडं आली, मेट्रोचे खांब आले,
आणि दर दोन-तीन वर्षांनी कोणी साहेब
नकाशावर पेन ठेवून म्हणतो, जरा मागं घ्या.
जरा म्हणजे किती, ते मला विचारा.
बापाच्या जागेपासून आजच्या जागेपर्यंत
चारशे बारा पावलं, माझी, चपलेसकट.
तेवढ्यात घटनेचा एक शब्द हलला नाही.
सुतळीचे गुंडे तेवढे जास्त लागतात.

माझी तक्रार नाही. आम्ही बुरड.
सूप विणतो, मांडव घालतो, तिरडी बांधतो,
थंडीत हे.
साडेपाचशे रोज, पोहे आपले आपण.

मोर्चा येतो. अंगणवाडीच्या बाया, बिनपगारी मास्तर,
एकदा तर नुसते आंधळे आले होते, दोनशे,
एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून,
आणि पहिल्याच्या हाताला माझा बांबू लागला
तेव्हा तो थांबला, मागचे दोनशे थांबले,
पोलिसाला शिट्टी वाजवायची गरज पडली नाही.

चारच्या सुमारास हवालदार पंजा दाखवतो. पाच.
पाचजण चला आत.
हजारातून पाच काढणं सोपं नसतं.
कोण नीट बोलतो, कोणाच्या शर्टाला इस्त्री आहे,
कोण मागच्या वेळी आत जाऊन आपलंच काम करून आला,
सगळं रस्त्यावर निघतं. रडारड होते.
मी खांबाला टेकून बघतो.
बोटाला शाई लावून मीही येतो दर खेपेला,
पण निवडणूक म्हणजे काय ते मला इथं कळलं.

पाचजण परततात. निवेदनाची पोच दाखवतात.
शिक्का गोल असतो.
गोल वस्तूचं तोंड कोणीकडे, ते कसं ओळखावं?

परवाच्या साली कोरचीकडचे आले.
जंगल आमचं, बांबू आम्हाला विकू द्या, असा फलक.
रात्रभर बसले. शेकोटीला परवानगी नव्हती.
वच्छला मडावी नावाची एक म्हातारी
माझ्या खांबाला पाठ लावून बसली होती,
तिनं बोटाच्या पेरानं बांबू वाजवला,
कान लावला, परत वाजवला,
जसं कोणी पोराची छाती बघतं.

"कोठचा गा हा?"
डेपोतला, म्हटलं.
"आमच्याकडचाच हाये. पर उजेडपाखात तोडला.
कोवळा होता. रस हाये अंदर.
दोन साल धरंल. मंग भुसा."

मला हसू आलं. मावशी, दोन सालानं नवा येईल.
"हाव," ती म्हणाली,
"तोडाले आमीच राहू."

शाल डोक्यावरून घेऊन ती झोपली,
ज्यानं अडवलं त्यालाच टेकून.
मी सुतळी तपासत होतो. एक गाठ सैल वाटली,
ओढावी की नको, असं प्रथमच झालं.
ओढली मी. खोटं कशाला सांगू.
पोरीची फी भरायची होती.

यंदा तोच बांबू, तोच खड्डा.
रोवताना मनगटावर पिवळी पूड सांडली,
हळदीसारखी, पण वास नाही.
धनपालला दाखवली नाही.
रात्री दीडला, रस्ता रिकामा,
गस्तीचा नवा पोरगा, भंडाऱ्याकडचा असावा,
टोपी मागं सारून ऐकायला लागला.

काका, कायचा आवाज येते? कर्र... कर्र...

थंडी आहे साहेब, म्हटलं.
बांबू आकसतो.